ठराव झाला, आता पहिली कोण? – चळवळी आणि नियम मोडणारी माणसं

वारणाकाठ

नमस्कार मंडळी,

मे २०२२ मध्ये हेरवाडच्या (ता. शिरोळ, जि. कोल्हापूर) ग्रामसभेने विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला. नवरा गेला म्हणून बाईचं कुंकू पुसायचं नाही, बांगड्या फोडायच्या नाहीत, मंगळसूत्र-जोडवी उतरवायची नाहीत. त्याच महिन्यात राज्य सरकारने परिपत्रक काढून बाकीच्या ग्रामपंचायतींना हेरवाडचा कित्ता गिरवायला सांगितलं. हेरवाडपाठोपाठ माणगावने ठराव केला, मग आणखी काही गावांनी. आमच्या गावानेही केला. टाळ्या पडल्या, फोटो निघाले, ठरावाची प्रत पंचायतीच्या फळ्यावर लागली.

त्यानंतर आमच्या गावात ज्या बायकांचे नवरे गेले, त्यातल्या एकीनेही कुंकू ठेवलेलं नाही. मी शाळेत शिकवते, घरोघरी जाणं-येणं आहे, म्हणून विचारलं. बळजबरी कुणी केली नव्हती. उत्तर मात्र सगळीकडे सारखंच: "बाई, ठराव हाय खरा, पण पयली मीच कशाला?"

म्हणून हा धागा. माझं मत असं की सभा, निवेदनं, कायदा या सगळ्याला मोल आहे, पण समाज हलतो तो कुणीतरी चारचौघांत नियम मोडल्यावर. महाडचंच बघा. सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले करण्याचा सी. के. बोले यांचा ठराव मुंबई कायदेमंडळात १९२३ साली झाला. महाड नगरपालिकेने १९२४ मध्ये चवदार तळं खुलं केलं. कागदावर सगळं झालं होतं. तरी २० मार्च १९२७ ला बाबासाहेब आणि हजारो माणसं तळ्यावर जाईपर्यंत अस्पृश्यांपैकी कुणाला त्या पाण्याला हात लावता आला नव्हता.

नियम मोडणाऱ्या माणसांशिवाय चळवळ उभी राहते का? आणि ती लागतच असतील, तर आमच्यासारख्या गावात आणायची कुठून?

रानवेडा

फार महत्त्वाचा विषय. +१. वाचतोय.

गोदातीर

ताई, विषयाबद्दल आभार, पण महाडच्या बाबतीत थोडा वेगळा सूर लावतो. तुम्ही लिहिलंय त्यावरून कुणी धाडसी माणूस उठला आणि पाणी प्यायला असं वाचणाऱ्याला वाटेल. तसं नव्हतं. १९ आणि २० मार्चला कुलाबा जिल्हा बहिष्कृत परिषद होती. तिच्यासाठी रामचंद्र बाबाजी मोरे आणि त्यांचे सहकारी कितीतरी आधीपासून गावोगाव हिंडत होते. त्या भागात लष्करातून निवृत्त झालेले महार शिपाई होते, मुंबईला गिरणीत आणि गोदीत काम करणारी माणसं होती. नगरपालिकेचे अध्यक्ष सुरेंद्रनाथ टिपणीस बाजूने होते. मग मिरवणूक निघाली.

नियम मोडला गेला हे खरंच, पण एकट्यादुकट्याने नाही. त्याच तळ्यावर आदल्या वर्षी एकटा माणूस ओंजळ भरायला गेला असता तर त्याचं काय झालं असतं? मार खाऊन घरी आला असता आणि त्याची कुठे नोंदही राहिली नसती. तेव्हा आधी संघटना, मग नियमभंग, असं माझं मत.

भाऊ पेणकर

गोदातीर, मार तर नंतरही खाल्लाच हो. वीरेश्वराच्या देवळात शिरणार अशी आवई उठवली आणि परतणाऱ्या, जेवायला बसलेल्या माणसांवर हल्ला केला. मग तळ्यात पंचगव्याचे घडे ओतून 'शुद्धी' केली. बाकी तुमचा मुद्दा मान्य.

अभ्यासू मुंगी

समाजशास्त्र शिकवते, म्हणून राहवत नाही.

रॉबर्ट मर्टनने एक भेद सांगितला आहे, तो या चर्चेत फार कामाचा आहे. नियम मोडणारे दोन तऱ्हेचे असतात. एक लपून मोडतो. नियम चूक आहे असं तो म्हणत नाही, त्याला फक्त सापडायचं नसतं. दुसरा उघड मोडतो, हा नियमच अन्यायाचा आहे असं सांगून मोडतो आणि शिक्षेपासून पळत नाही. चोरून पाणी भरणारा आणि चवदार तळ्यावर मिरवणुकीने जाणारा, दोघांची कृती एकच, पण समाजावरचा परिणाम अगदी वेगळा. पहिल्याने नियम शाबूत राहतो, दुसऱ्याने त्याला उत्तर द्यावं लागतं.

महाडमध्ये आणखी एक गोष्ट फार विचार करायला लावते. कायद्याने पाहिलं तर पाणी पिणारे नियमात होते आणि लाठ्या घेऊन आलेले नियमाबाहेर. तरी गावाच्या नजरेत उलटं होतं. हॉवर्ड बेकरने १९६३ मध्ये हेच मांडलं की 'वाट सोडलेला' हा शिक्का कृतीत नसतो, मारणाऱ्याच्या हातात असतो. ताईंच्या गावातही तेच चाललंय. ग्रामपंचायतीचा नियम एक आहे, गावाचा दुसरा, आणि बायका गावाचा पाळताहेत.

जुनाजाणता

मला हा सगळा सूरच धोक्याचा वाटतो. नियम मोडणं म्हणजे क्रांती, असं तरुण पोरांच्या मनात भरवू नका. सिग्नल तोडणाराही नियम मोडतो. जातीबाहेर लग्न केलं म्हणून पोटच्या मुलीचा जीव घेणारा बापही कायदा मोडतो आणि वर आपण परंपरा राखली म्हणून ताठ मानेने फिरतो. मुंगीताईंनी सांगितलेली खूण त्यालाही लागू पडते की! तोही उघड करतो, तोही शिक्षेला भीत नाही. मग फरक कसा करायचा?

अभ्यासू मुंगी

@जुनाजाणता, प्रश्न रास्त आहे. मर्टनच्या वर्णनात याचं अर्धंच उत्तर मिळतं. माझ्यापुरतं उरलेलं अर्धं असं: किंमत कोण मोजतं ते बघा. महाडला पाणी पिणाऱ्यांनी स्वतःची डोकी फोडून घेतली, दुसऱ्याचं फोडलं नाही. तुमच्या उदाहरणातला बाप किंमत मुलीकडून वसूल करतो. शिवाय तो तर जुनाच नियम चालवतोय, मोडला काय तर देशाचा कायदा.

आणि महाडचा डिसेंबर विसरू नका. दुसरी परिषद २५ डिसेंबरपासून होती. मांडवाला गावात कुणी जागा देईना, ती एका मुस्लिम गृहस्थांनी दिली. पुन्हा तळ्यावर जायचं होतं, पण विरोधकांनी कोर्टातून तात्पुरता मनाई हुकूम आणला. लोक पेटलेले होते, तुरुंगात जायला तयार होते. बाबासाहेबांनी हुकूम मानला आणि सत्याग्रह तहकूब केला. तळ्याकडे मिरवणूक गेली, पाण्याला कुणी शिवलं नाही. त्याच परिषदेत, गंगाधर नीळकंठ सहस्रबुद्धे यांनी ठराव मांडून, मनुस्मृती जाहीरपणे जाळण्यात आली. हजारो वर्षांचा धर्मनियम जाळला आणि दिवाणी कोर्टाचा हुकूम पाळला, तेही एकाच आठवड्यात! पुढे खटला दहा वर्षं चालला आणि मार्च १९३७ मध्ये हायकोर्टात निकाल बाजूने लागला. कोणता नियम मोडायचा आणि कोणता पाळायचा, हे ज्याला नेमकं कळतं त्याची चळवळ टिकते.

रानवेडा

वाह! हा प्रतिसाद वाचनखुणेत.

हेमलता

धागा विधवा प्रथेवर आहे म्हणून दोन गोष्टी सांगते. दोन्ही १८९० सालच्या.

पहिली. २८ नोव्हेंबर १८९० ला जोतीराव गेले. अंत्ययात्रेपुढे टिटवं (अग्नीचं मडकं) कोणी धरायचं यावर भाऊबंदांनी वाद काढला, कारण मुलगा यशवंत दत्तक. सावित्रीबाईंनी ते स्वतःच्या हातात घेतलं आणि यात्रेपुढे चालू लागल्या. नवरा त्याच दिवशी गेलेला. ज्या क्षणी बाईने कोपऱ्यात बसायचं असतं, त्या क्षणी ही बाई सगळ्या पुण्यादेखत पुढे चालली होती. १३० वर्षांहून जास्त काळ लोटला आणि आपण अजून कुंकू ठेवावं का यावर बोलतोय. वाचताना माझा जीव तुटतो.

दुसरी गोष्ट ताईंच्या प्रश्नाशी थेट जोडलेली आहे. त्याच वर्षी मुंबईत नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने न्हावी मंडळींची सभा झाली आणि विधवांचं केशवपन आम्ही करणार नाही असं त्यांनी ठरवलं. लक्षात घ्या, 'बायांनो, तुम्ही केस राखा' असं कुणी म्हटलं नाही. वस्तरा चालवणाऱ्यानेच वस्तरा खाली ठेवला.

वारणाकाठताई, तुम्ही 'पहिली कोण' हे ज्या बाईचा नवरा गेलाय तिलाच विचारताय. तिच्यावर आधीच आभाळ कोसळलंय. बांगड्या कोण फोडतं? कुंकू कोण पुसतं? जावा, नणंदा, शेजारच्या म्हाताऱ्या. त्या बायकांशी बोला.

गोदातीर

हेमलताताई, हा मुद्दा माझ्या डोक्यात कधीच आला नव्हता. प्रथा चालवायला हात लागतात, ते हात थांबले तरी नियम मोडतोच.

भाऊ पेणकर

वाळीत टाकणं म्हणजे काय ते आमच्या घराने भोगलंय, म्हणून लिहितो. गावाचं नाव लिहीत नाही.

माझ्या थोरल्या भावाने समाजाबाहेरची मुलगी केली. बैठक बसली. दंड भरा, सगळ्यांसमोर नारळ ठेवून माफी मागा आणि मुलीला घरात घेऊ नका. वडील म्हणाले, दंड एकवेळ भरतो, पण सून माझी आहे. झालं. दुसऱ्या दिवसापासून गिरणीवाला दळण घेईना. तो वाईट माणूस नव्हता. आईला हळूच म्हणाला, वहिनी, तुमचं दळलं तर मलाही दंड बसतो. डोक्यावर पायली घेऊन आई दोन गावं ओलांडून दळायला जायची. होळीची वर्गणी परत आली. पण आईला सगळ्यात लागलं ते शिमग्याला. ग्रामदेवतेची पालखी घरोघर फिरते. आईने अंगण सारवलं, रांगोळी काढली, ओटीचं ताट भरून दारात उभी राहिली. पालखी आमच्या अंगणाच्या कडेने सरळ शेजारच्या घरी गेली. खांदेकऱ्यांत माझा सख्खा चुलतभाऊ होता, त्याने मान वर केली नाही.

तेव्हा सामाजिक बहिष्काराविरुद्ध वेगळा कायदा नव्हता. आता आहे. २०१६ चा, २०१७ पासून लागू. तीन वर्षांपर्यंत कैद, एक लाखापर्यंत दंड. महाराष्ट्राने देशात पहिल्यांदा केला याचा मला अभिमान आहे. पण तक्रार द्यायला जाणारा पहिला माणूस त्याच गावात राहतो, हे विसरून चालत नाही.

जुनाजाणता, तुम्ही म्हणता ते मी रागाने घेत नाही. पण 'नियम मोडू नका' हा सल्ला आमच्या वडिलांनी ऐकला असता तर माझी वहिनी आज आमच्या घरात नसती.

चिंचेचं बोटुक

भाऊ, वाचून गलबलून आलं. तुमच्या आईला आणि वडिलांना नमस्कार सांगा.

जुनाजाणता

पेणकर, तुमच्या वडिलांबद्दल आदरच आहे. मी बोलत होतो ते उथळ बंडखोरीबद्दल. असा बाप असेल तर त्याच्या पाठीशी उभं राहणं हे आमच्यासारख्या वयस्कांचं काम आहे.

मिसळप्रेमी

जरा चहा घेऊ या? खरंच चहाबद्दलच लिहितोय.

ऑक्टोबर १८९० मध्ये पुण्यात पंचहौद मिशनमध्ये शहरातल्या बड्या मंडळींना बोलावलं होतं आणि चहा-बिस्किटं पुढे केली होती. न्यायमूर्ती रानडे होते, टिळक होते. मग गोपाळराव जोशी यांनी (डॉ. आनंदीबाईंचे पती) कोण कोण होतं ती यादी वर्तमानपत्रात छापून आणली. ख्रिस्त्यांच्या हातचा चहा! ग्रामण्य (जातीबाहेर टाकण्याचा वाद) झालं, प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेलं आणि शेवटी प्रायश्चित्तं घेतली गेली. रानड्यांनीही घेतलं.

आता कोल्हापूरला या. गंगाराम कांबळे यांनी हॉटेल काढलं. महाराच्या हातचा चहा कोण पिणार, गिऱ्हाईक येईना. शाहू महाराजांना कळलं, तशी त्यांची गाडी त्या हॉटेलासमोर थांबू लागली. स्वतः चहा घ्यायचे आणि बरोबरच्या सरदार-अधिकाऱ्यांनाही प्यायला लावायचे. महाराज पिताहेत म्हटल्यावर नाही कोण म्हणणार!

महाराष्ट्राचा सामाजिक इतिहास चहाच्या कपांवरूनसुद्धा लिहिता येईल असं माझं ठाम मत आहे. आणि मी सगळ्या कपांना हजेरी लावायला तयार आहे.

गोदातीर

हाहा, मिसळप्रेमी, चहा फक्कड!

पण महाराजांना कसली किंमत मोजावी लागणार होती? राजाने नियम मोडला तर तो नवा नियम होतो. धाडस गंगाराम कांबळ्यांचं.

मिसळप्रेमी

दोघांचं म्हणतो मी. वेदोक्त प्रकरणात (पुरोहितांनी महाराजांचे विधी वैदिक मंत्रांनी करायला नकार दिला ते) महाराजांनी काय काय ऐकून घेतलं ते वाचा, मग किंमत मोजली नाही असं म्हणणार नाही तुम्ही. आणि माझा मुद्दा तोच आहे. ज्याला नियम मोडून फार काही गमवावं लागत नाही त्याने आधी मोडावा, म्हणजे ज्याचं सगळं पणाला लागतं त्याला जरा श्वास घेता येतो.

अभ्यासू मुंगी

याला संशोधनाचाही आधार आहे. एडविन हॉलंडर या मानसशास्त्रज्ञाने १९५८ मध्ये मांडलं की गटात माणूस आधी गटाच्या रीतीने वागून पत कमावतो आणि मग ती पत खर्चून वेगळं वागू शकतो. नव्या सुनेने हळदीकुंकवात रीत मोडली तर ती आगाऊ. तेच सत्तरीच्या पाटलीणबाईंनी केलं तर 'त्या म्हणतात म्हणजे काहीतरी असेल'.

दुसरा प्रयोग सर्ज मॉस्कोविची आणि सहकाऱ्यांचा, १९६९ चा. सहा जणांच्या गटात दोघे आधीच ठरवून बसवलेले. पडद्यावर निळ्या स्लाइड्स, पण हे दोघे दर वेळी 'हिरवी' म्हणतात. दोघे शेवटपर्यंत ठाम राहिले तेव्हा बाकीच्यांच्या सुमारे ८ टक्के उत्तरांत 'हिरवी' आलं. दोघे कधी हिरवी, कधी निळी म्हणू लागले तेव्हा परिणाम जवळजवळ शून्य. ताई, संख्या थोडी असली तरी चालते, डळमळून चालत नाही.

चिंचेचं बोटुक

संख्येवरून आठवलं. १८ एप्रिल १९६६ ला हमीद दलवाईंनी मुंबईत तोंडी तलाकविरोधात मुस्लिम बायकांचा मोर्चा काढला. किती बायका होत्या? सात! सात बायका तेव्हा सचिवालयावर चालत गेल्या. पुढे १९७० मध्ये मुस्लिम सत्यशोधक मंडळ निघालं, आणि तिहेरी तलाक सुप्रीम कोर्टाने रद्द ठरवला तो ऑगस्ट २०१७ मध्ये. दलवाई १९७७ लाच गेले. त्या सात जणींनी घरी परतल्यावर काय ऐकलं असेल याचा मी नेहमी विचार करते.

सुलभा ठाणे

इथे थोडी वेगळी बाजू मांडू का? नियम न मोडताही चळवळ होते.

१९७२ च्या सुमाराचा मुंबईतला महागाईविरोधी लाटणे मोर्चा आठवा. मृणालताई गोरे, अहिल्याताई रांगणेकर. तेल, रवा, साखर मिळेना म्हणून बायका लाटणी घेऊन रस्त्यावर उतरल्या, थाळ्या बडवल्या. माझी आई गोरेगावला होती, ती गेली होती. ती कुठल्या पक्षात नव्हती, कधी कुणाला उलट बोलली नव्हती. डोक्यावर पदर, कपाळावर कुंकू आणि हातात घरचं लाटणं. त्यांना कुणी 'वाया गेलेल्या बायका' म्हणू शकलं नाही, हीच ताकद होती. संसार करणाऱ्या बायकांनी संसारासाठीच रस्ता अडवला.

हेमलता

सुलभाताई, छान आठवण. पण बाईने चुलीपुढून उठून मंत्र्याला जाब विचारायचा, हा त्या काळी मोडलेला नियमच नव्हे का? फक्त तो पदर न ढळू देता मोडला.

डेट्रॉइटकर

सुलभाताईंच्या 'वाया गेलेल्या म्हणू शकलं नाही' यावरून इकडची, अमेरिकेतली गोष्ट सांगतो, कारण तिला दुखरी बाजू आहे.

रोझा पार्क्स सगळ्यांना माहीत आहेत, मॉन्टगोमेरी, १ डिसेंबर १९५५, बसमधली जागा गोऱ्या प्रवाशासाठी सोडायला नकार. पण त्याच शहरात त्याच वर्षी २ मार्चला क्लॉडेट कोल्व्हिन या १५ वर्षांच्या शाळकरी मुलीने अगदी तेच केलं होतं. पोलिसांनी तिला ओढत नेलं. पुढाऱ्यांनी तिच्या प्रकरणावर आंदोलन उभारायचा विचार केला आणि सोडून दिला. वय लहान, गरीब वस्तीतली, पुढे लग्नाआधीच दिवस गेले. वर्तमानपत्रं तिच्या चारित्र्यावर घसरतील अशी भीती. पार्क्स बेचाळीस वर्षांच्या, शांत, चळवळीत मुरलेल्या, बोट ठेवायला जागा नाही. म्हणजे चळवळीलाही नियम मोडणारा हवा असतो, पण बाकी सगळे नियम पाळणारा!

आणि गंमत म्हणजे बसमधला वर्णभेद १९५६ मध्ये ज्या खटल्याने संपला, त्यातल्या फिर्यादींत कोल्व्हिन होती, पार्क्स नव्हत्या. कोल्व्हिनवरचा तो बालगुन्हेगारीचा शेरा कोर्टाने पुसला २०२१ मध्ये.

गोदातीर

डेट्रॉइटकर, हे फार महत्त्वाचं. आपल्याकडचे कर्वे पितापुत्र आठवले.

धोंडो केशव कर्वे यांनी ११ मार्च १८९३ ला गोदूबाई या विधवेशी लग्न केलं. मुरूड गावाने बहिष्कार घातला, घरच्यांना त्यांना घरात घेता येईना. इतकं सोसलेल्या माणसाने पुढे १८९६ मध्ये अनाथ बालिकाश्रम काढला, तेव्हा विधवांचं शिक्षण आणि पुनर्विवाह ही दोन कामं मुद्दाम वेगळी ठेवली. पुनर्विवाह नको म्हणणारेही शिक्षणाला पैसे देतील म्हणून. त्यांनी अण्णांना (धोंडो केशवांना) दिलेही. स्त्रियांचं विद्यापीठ उभं राहिलं, १९५८ मध्ये भारतरत्न मिळालं.

मुलगा रघुनाथ (र. धों.). गणिताचे प्राध्यापक. १९२१ मध्ये मुंबईत संततिनियमनाचं केंद्र काढलं, नोकरी सोडावी लागली. जुलै १९२७ पासून 'समाजस्वास्थ्य' मासिक काढलं, मरेपर्यंत, म्हणजे १९५३ पर्यंत चालवलं. अश्लीलतेचे खटले झाले. १९३१ मध्ये १०० रुपये दंड. १९३४ च्या खटल्यात वकीलपत्र डॉ. आंबेडकरांनी घेतलं, तरी २०० रुपये दंड. र. धों.नी एका आघाडीवर सांभाळून घेऊन दुसरीकडे मोडायचं असं केलंच नाही. सगळं एकदम, सगळं उघड. मोठमोठे सुधारकही त्यांच्यापासून लांब राहिले. घर पत्नी मालतीबाईंच्या पगारावर चाललं.

बापाने निवडून मोडलं, म्हणून संस्था उभ्या राहिल्या. मुलाने हातचं राखलं नाही, म्हणून एकटा पडला. पण १९५२ मध्ये सरकारने कुटुंबनियोजनाचा कार्यक्रम सुरू केला आणि आज ते बोलणं कुठल्याही प्राथमिक आरोग्य केंद्रात भिंतीवर रंगवलेलं असतं. माझं मन, खरं सांगायचं तर, मुलाकडे ओढ घेतं.

जुनाजाणता

माझं बापाकडे. अण्णा मुरूडच्या बहिष्कारानंतर कडवट झाले नाहीत. गावोगाव चालत जाऊन निधी गोळा करत राहिले. ज्यांनी नावं ठेवली त्यांच्याही दारात गेले.

हेमलता

दोघेही लागले. मुलगा इतका पुढे होता म्हणूनही कदाचित बाप लोकांना सोसवला. पण मला मालतीबाई दिसतात. नियम मोडणाऱ्याचं नाव राहतं आणि किराणा भरणारीचं तळटिपेत जातं.

वारणाकाठ

सगळ्यांचे प्रतिसाद दोनदा वाचले. पेणकरदादा, तुमचं लिहिणं मी माझ्या आईला वाचून दाखवलं.

हेमलताताईंचा न्हाव्यांचा मुद्दा आणि मुंगीताईंचा पत कमावण्याचा मुद्दा, दोन्ही एकत्र धरून मी मागच्या आठवड्यात कामाला लागले. गावात मयत झालं की ज्या बायकांना पुढे बोलावतात, त्या ठरलेल्या आहेत. चौघीजणी. अशा वेळी काय होतं ते मी जवळून पाहिलंय. बाईला भिंतीला टेकवून बसवतात, एकजण मनगट धरते, दुसरी पाट्याच्या कडेवर बांगड्या आपटते. काचेने कातडं निघतं तेव्हा कुणीतरी "हळू गं" म्हणतं, पण थांबत कुणी नाही. या चौघींशी मी बोलले. त्यातल्या एकीने सांगितलं की तिच्या स्वतःच्या बांगड्या फोडल्या तेव्हा ती एकवीस वर्षांची होती आणि त्यानंतर तिने गावातल्या कितीतरी जणींच्या फोडल्या. "मला कुणी सांगितलंच न्हाई की नको म्हणता येतं."

दोघी तयार झाल्या, बोलावलं तरी यापुढे हात लावणार नाही म्हणाल्या. तिसरी म्हणते घरात विचारते. चौथीने मला दारातच सांगितलं, पुन्हा हा विषय घेऊन येऊ नका.

दुसरं म्हणजे हळदीकुंकू. आमच्याकडे विधवा बायका येतात, पण "मी आत चहा बघते" म्हणून स्वयंपाकघरात जातात. सगळ्यांना ठाऊक असतं त्या का जातात. या वेळी माजी सरपंचांच्या आई, वय ७६, अहेव (नवरा हयात), त्यांच्या घरी रथसप्तमीला कार्यक्रम ठेवणार आहेत आणि पहिलं कुंकू स्वतःच्या विधवा जावेला लावणार आहेत. जाऊबाई हो म्हणाल्यात.

भाऊ पेणकर

ताई, एकच विनंती. ज्या बाईला नको असेल तिला चारचौघांत आग्रह करू नका. माझ्या आईला नंतर गावाने मानाने परत बोलावलं, तेव्हा ती गेली नाही. ते तिचं तिने ठरवलं होतं.

मिसळप्रेमी

आणि त्या दिवशी चहा पुरुषांनी करावा. म्हणजे आत जायला निमित्तच उरणार नाही.

वारणाकाठ

@भाऊ पेणकर, नक्की. प्रत्येकीला आधी घरी जाऊन एकटीला विचारायचं ठरलंय, कार्यक्रमात कुणावर ताट पुढे करायचं नाही.

@मिसळप्रेमी, ही सूचना माझ्या नवऱ्याला दाखवली. तो आणि शाळेतले दोन शिक्षक चहा करायला तयार आहेत. साखर किती लागते ते मात्र मलाच विचारताहेत.

हेमलता

साठ बायकांना दोन किलो घ्या म्हणावं. आणि ताई, त्या चौथीकडे तुम्ही जाऊ नका, तयार झालेल्या दोघींना पाठवा.